काचेच्या पाटीवरची रेघ

आण्णांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा ते अजून नोकरीत होते. आण्णा म्हणजे माझे वडील. केजच्या एका शाळेत त्यांनी उभी हयात चित्रकला शिकवली. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी पोरं संध्याकाळी आमच्या ओट्यावर ड्रॉइंग बोर्ड मांडीवर घेऊन बसायची आणि आण्णा त्यांच्यामागून फिरायचे. त्यांचा एकच हट्ट असायचा. रेघ एका दमात आली पाहिजे. पट्टी न लावता, पेन्सिल न उचलता, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुणाची रेघ मध्येच अडखळली की ते कागद उलटा करून परत त्याच्यासमोर ठेवायचे. मीही त्याच ओट्यावर शिकले. माझाही कागद पुष्कळदा उलटा झाला.

थरथर आधी फळ्यावर दिसली. मग चहाच्या बशीत. बीडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, वयाचा कंप आहे, कमी होईल, जाणार नाही. आण्णा निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी सगळे कुंचले धुतले, वाळवले, एका जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळले आणि कपाटावर ठेवून दिले. पूर्वी गावातले लोक लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर नावं लिहून घ्यायला यायचे, कारण त्यांचं अक्षर बघण्यासारखं होतं. आता कुणी आलं की ते म्हणायचे, "चष्मा बदलायचाय, मग बघू." बँकेत सही करायची असली की खिडकीपाशी गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहायचे. आई आणि मी हे सगळं बघत होतो, पण त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही.

मी बीडला राहते. नवऱ्याची नोकरी तिथली, आणि घरातल्याच एका खोलीत माझं काम चालतं. लग्नपत्रिका, क्लासच्या जाहिराती, वाढदिवसाचे बॅनर. बॅनरवर कुणाचा फोटो मोठा आणि कुणाचा लहान यावरून मला रोज चार फोन येतात. मधल्या वेळात मी जनावरांची चित्रं काढायचे आणि इंटरनेटवर टाकायचे. ती बघून पुण्याच्या एका प्रकाशनातल्या संपादक बाईंचा फोन आला. मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करायचं होतं. गोष्ट अशी होती की एका मेंढीची लोकर कातरतात आणि ती उघडीबोडकी कळपात परत येते. तिचं कोकरू तिला ओळखत नाही. ते ह्या मेंढीकडे जातं, त्या मेंढीकडे जातं, सगळ्याच तशा दिसतात. शेवटी ती ओरडते तेव्हा त्याला आई सापडते.

"चित्रं संगणकावरच हवीत, ताई," बाई म्हणाल्या. "रेघ वेगळ्या थरावर, रंग वेगळ्या थरावर. म्हणजे आम्हाला पानावर मजकूर हलवता येतो."

गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आण्णाच आले. आमचं घराणं मेंढपाळांचं. आण्णांचं लहानपण कळपामागं गेलं, आणि त्यांचा धाकटा भाऊ, माझा चुलता, अजूनही चौसाळ्याकडच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवतो. मी फोटो बघून मेंढी काढू शकले असते. आण्णांना फोटो लागला नसता. मी त्यांना न विचारताच फोनवर सांगून टाकलं, "रेघ माझे वडील काढतील, रंग मी भरीन."

केजला जाऊन त्यांना सांगितलं तेव्हा ते भाकरी मोडत होते.

"मी? ह्या हातानं?"

"संगणकावर चुकलेलं पुसता येतं, आण्णा. कितीबी वेळा."

"पुसायची सवय मी पोरांना कधी लागू दिली न्हाई," ते म्हणाले आणि जेवत राहिले. आईनं मला डोळ्यांनी खुणावलं, आता गप बस. मी गप बसले. सकाळी मी बॅग भरत होते तर आण्णा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "ती मेंढी कातरताना दाखवायची का कातरून झाल्यावर?" तेव्हा मला कळलं की रात्रभर त्यांनी तेच मनात धरलं होतं.

मग त्यांच्या हाताला काय चालेल ते शोधणं सुरू झालं. पहिल्यांदा मी संगणकाला जोडायची माझीच जुनी पाटी नेली. ती काळी, सपाट, पडदा नसलेली. पेन पाटीवर फिरवायचं आणि चित्र समोर संगणकावर उमटतं. मला तिची इतकी सवय की हात कुठं आहे हे मी बघतही नाही. आण्णांना ते जमेना. ते पेन टेकवायचे आणि पाटीकडेच बघायचे, तिथं काहीच नाही. मान वर करून पडद्याकडे बघायचे, तोवर हात भलतीकडे गेलेला.

"हात इथं, चितार तिथं," ते वैतागले. "मी काय भिंतीपलीकडच्या माणसाशी बोलतोय का?"

आई स्वयंपाकघरातून हसली. आण्णाही हसले. पण पाटी त्यांनी बाजूला सारली.

मग आम्ही दोघं एसटीनं बीडला गेलो. संगणकाच्या एका दुकानात पडदा असलेली मोठी पाटी मांडून ठेवली होती. तिच्यावर थेट चित्र काढता येतं, पण ती संगणकाला जोडावी लागते. आण्णांनी आधी दुकानदाराला विचारलं, "हात लावू का?" मग खुर्ची पुढं ओढून बसले आणि कोपऱ्यात अगदी लहान, बोटाएवढं एक झाड काढलं. मला आठवतं, झाड बरं आलं होतं. पण तेवढ्यात मागे दोन कॉलेजची पोरं येऊन उभी राहिली आणि आण्णांनी पेन खाली ठेवलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "तिला तीन वायरी हायेत. आपल्याकडं लाईट गेली की ती नुसती काच." कारण वायरींचं सांगितलं, पण ते कारण नव्हतं. त्यांना असं काहीतरी हवं होतं जे घेऊन एकटं बसता येईल.

शेवटी घेतली ती तिसरी. सुटी, हलकी पाटी, तिचं तिच्यातच सगळं. चार्ज केली की दिवसभर चालते, मांडीवर मावते. काच मात्र फार गुळगुळीत होती, पेन घसरायचं. मी शोधून शोधून कागदासारखी खरखरीत फिल्म मागवली आणि काचेवर चिकटवली. पेन टेकवल्यावर हलका खर्रर आवाज आला तसे आण्णा थांबले. परत एकदा ओढून बघितलं.

"आता कसं कागदावानी बोललं," ते म्हणाले.

चित्र काढायचं अ‍ॅपही मीच निवडलं. एकात ब्रश भारी होते पण दर महिन्याला पैसे भरायचे, आणि मेनू इतके की आण्णा हरवले असते. दुसरं साधं होतं. पेन्सिल, शाई, रंग, थर आणि पुसायचं बटण. मी साधं घेतलं. त्या दिवसांत मी रात्रंदिवस हेच वाचत होते, ऐकत होते, कुणाकुणाला विचारत होते. नवरा म्हणायचा, एवढं बघून तर लोक ट्रॅक्टर घेत नाहीत. मला वाटत होतं, एकदा साधन बरोबर मिळालं की आण्णांचा हात परत मिळेल. साधनं बघताना मी किती आनंदात होते, ते आठवलं की आता वाईट वाटतं.

चुलत्याचा निरोप आला की लोकर कातरायची आहे, तसे आम्ही चौसाळ्याला गेलो. हायवेपासून आत एका शेतकऱ्याच्या रानात त्याची मेंढरं बसली होती. तुरीच्या पाचोळ्याचा वास, कुत्री, जाळीच्या आत कोकरांचा गलका. कातरणारे दोघं पाठ वाकवून बसले होते आणि एकेक मेंढी त्यांच्या हातून हलकी होऊन उठत होती. उन्हात पाटीचा पडदा दिसेना. चुलत्यानं आपली घोंगडी आण्णांच्या डोक्यावरून टाकली.

"घे, अंधार केला बग. सिनेमा बग आतमदी," तो म्हणाला.

आण्णा बाभळीखाली घोंगडी पांघरून बसले. बाहेर नुसते पाय दिसत होते. आम्ही चहा घेत होतो. बराच वेळ आतून आवाज नाही. मी शेवटी घोंगडीचं टोक उचलून आत डोकावले.

त्यांनी नुकतीच कातरलेली मेंढी काढली होती. ती अंग चोरून उभी होती. पाठीवर कातरीचे ओरखडे, मान थोडी वळलेली. आणि सगळी रेघ थरथरत होती. कुठंच एका दमात आलेली नव्हती. पायांपाशी तुटली होती, पोटाखाली दुहेरी झाली होती. पण त्या थरथरीमुळं असं वाटत होतं की मेंढीला थंडी वाजतेय. तिचं अंग शहारलंय. मी इतकी वर्षं चित्रं काढते, आण्णांची शेकडो चित्रं बघितली, पण त्यांच्या हातून असं काही निघालेलं मी बघितलं नव्हतं.

"आण्णा..." मी म्हणाले.

"बगू नको," ते म्हणाले आणि पुसायचं बटण दाबत सुटले. पाय गेले, पोट गेलं, मान गेली. पान कोरं झालं. मग त्यांनी पाटी माझ्या हातात दिली, घोंगडी काढून चुलत्याला दिली आणि कातरणाऱ्यांजवळ जाऊन गप्पा मारत बसले. मी बाभळीमागे जाऊन पुसलेलं उलटं फिरवलं. अ‍ॅपमध्ये तशी सोय असते. मान आली, पोट आलं, पाय आले. मी चित्र वेगळं जपून ठेवलं.

परतताना जीपमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले होते. म्हणाले, "त्या बाईला सांग, दुसरं कुणी बघा म्हणावं."

घरी आल्यावर मला त्यांचं ते तोंड बघवेना. म्हणून मी अ‍ॅपचं एकेक पान उघडून बघत बसले, आणि त्यात मला ती सोय सापडली. रेघ स्थिर करायची. एक छोटी पट्टी असते, ती डावीकडून उजवीकडे सरकवायची. जेवढी सरकवाल तेवढी हाताची थरथर गाळली जाते. पेन पुढं जातं, रेघ जरा मागून येते, आणि येते ती तेल लावल्यासारखी. मी पट्टी बरीच पुढं नेली आणि पाटी आण्णांच्या मांडीवर ठेवली.

"आता ओढा."

त्यांनी ओढली. या कडेपासून त्या कडेपर्यंत. हात थरथरत होता, आम्हा तिघांना दिसत होता, आणि काचेवर मात्र अखंड, सरळ, चकचकीत रेघ उमटत गेली.

आण्णांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. "अगं, ही आली की!"

त्यांनी अजून एक ओढली. मग गोल. मग स्वतःची सही, पूर्वी करायचे तशी, खाली लांब फटकारा असलेली. "दावणीला बांधल्यावानी मागनं येती बग," ते आईला दाखवत होते. "पण येती." आई पदर तोंडाला लावून उभी होती. त्यांना असं हसताना आम्ही पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं. मी स्वतःवर खूश होते. बरोबर साधन सापडलं होतं.

त्या दिवसापासून आण्णा सकाळी आंघोळ झाली की ओट्यावर पाटी घेऊन बसायला लागले. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायचे. कळप, जाळी, कुत्रा, कोकरू, सगळं सुबक आलं. मी शनिवारी जायचे, रेघा बघायचे, रंगांसाठी घेऊन यायचे. चित्रं खरंच नीट होती. मेंढी मेंढीसारखी होती. फक्त मला ती चित्रं बघून मेंढ्या आठवायच्या नाहीत. शाळेच्या भिंतीवरचे तक्ते आठवायचे. हे मी कुणाला बोलले नाही.

नमुने पाठवायची वेळ आली तेव्हा मी दोन सुबक पानं निवडली, आणि पाठवता पाठवता ते चौसाळ्याचं चित्रही जोडलं. का जोडलं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

संपादक बाईंचा फोन त्याच दुपारी आला. "ताई, ती तिसरी मेंढी कुणी काढली?"

"वडिलांनीच."

"मग बाकीची दोन कुणी काढली?"

"तीही त्यांनीच."

बाई म्हणाल्या, "आम्हाला सगळं पुस्तक त्या तिसऱ्या मेंढीसारखं हवंय. ती रेघ बघून अंगावर काटा आला हो. विचारा ना त्यांना."

मी केजला गेले. फोनवर हे बोलण्यासारखं नव्हतं. मला वाटत होतं, आण्णांना अभिमान वाटेल. पुण्याच्या बाई, एवढी पुस्तकं केलेल्या, त्या तुमची थरथरती रेघ मागतायत. वाटेत मी हे कसं सांगायचं ते मनात घोळवत होते. मांजरसुंब्याचा घाट कधी गेला कळलं नाही.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्यांनी विचारलं, "ते चितार तुझ्याकडं कसं आलं? मी पुसलतं."

मी सांगितलं.

"कावून ठेवलं?"

"मला आवडलं म्हणून."

ते उठले, ओट्यावर गेले, परत आत आले. आवाज चढलेला नव्हता, पण मला त्यांची भीती वाटली. "त्या बाईला माझा आजार छापायचा हाय का? पुस्तकात? खाली माझं नाव लिहून?"

"आजार कुणाला दिसणार नाही, आण्णा. लोकांना मेंढीच दिसेल. ती कुडकुडतेय असं वाटतं."

"ह्या गावातली निम्मी पोरं माझ्या हाताखालनं गेली. ती काय म्हणतील? मास्तरनं आमाला सरळ रेघ शिकवली अन् आता बगा."

"असं कुणी म्हणणार नाही."

"तू लहान हायेस का? म्हणतील. न्हाई म्हणले तर दया करतील. ते अजून वाईट."

मी आईकडं बघितलं. मला वाटलं ती माझ्या बाजूनं बोलेल. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना नको वाटतंय तर नको. त्यांच्या हाताचा तमाशा कावून करायचा?"

मी अजून थोडं बोलून बघितलं. मग आण्णा म्हणाले, "तूच तर ती पट्टी काडून दिलीस मला. आता तूच म्हणतीस ती काड."

ते खरंच होतं. मी संपादक बाईंना कळवलं की वडील तयार नाहीत. बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "ठीक आहे, त्यांचा मान राखू." पण त्यांच्या आवाजातला पहिल्या दिवसाचा उत्साह गेला होता. त्यानंतर त्या फक्त पानांचे आकार आणि तारखा बोलायच्या.

पुस्तक झालं. कुरिअरनं प्रती आल्या त्या दिवशी मी मुद्दाम केजला होते. आण्णांनी हात पुसून पुस्तक उघडलं, एकेक पान बघितलं, आतलं स्वतःचं नाव वाचलं, माझंही वाचलं, आणि आईला देवापुढं ठेवायला दिलं. संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो तेव्हा पिशवीत एक प्रत होतीच. तहसील कचेरीत नोकरीला असलेला त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटला. मोटारसायकल थांबवून पाया पडला. आण्णांनी पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं.

त्यानं पानं उलटली. "सर, लई भारी! तुमची रेघ अजून तशीच हाय की!"

आण्णांनी मान हलवली. चेहरा असा उजळला होता की काय सांगू. मी बाजूला उभी होते, कोथिंबिरीची जुडी हातात धरून. मला त्यांच्यासाठी आनंदच वाटायला हवा होता, आणि वाटलाही. पण ज्या रेघेचं तो कौतुक करत होता ती आण्णांची नव्हती. तसली रेघ त्या पट्टीनं कुणालाही काढून दिली असती. आणि जी खरोखर त्यांची होती, दुसऱ्या कुणालाच आली नसती, ती माझ्या संगणकात कुठंतरी पडून होती आणि तिचं कौतुक करायला कुणीच नव्हतं.

पुस्तकाचं पुढं विशेष काही झालं नाही. ज्यांनी घेतलं त्यांना आवडलं. कुणी वाईट बोललं नाही, कुणी आठवणीनं फोनही केला नाही.

आण्णांना वाटत होतं की आता पुढचं पुस्तक येईल. तोवर सराव म्हणून ते ओट्यावर बसत राहिले. पण थरथर वाढत वाढत पट्टीच्याही पुढं गेली. मी पट्टी पार शेवटपर्यंत सरकवली. आता रेघ इतकी मागून यायची की आण्णा डोळा काढायला जायचे आणि गोल पुरा व्हायच्या आत पेन उचललं जायचं. डोळ्याचा गोल उघडाच राहायचा. एका शनिवारी मी गेले तर पाटी कव्हरमध्ये घालून, चार्जर नीट गुंडाळून, माझ्या पिशवीशेजारी ठेवलेली होती.

"तू वापर," ते म्हणाले. "इथं नुसती धूळ खाती."

मी ती बीडला आणली. आता तिच्यावर लग्नपत्रिकांचे गणपती काढते.

गेल्या हिवाळ्यात त्याच संपादक बाईंनी दुसरी गोष्ट पाठवली. शेळ्यांची. ह्या वेळी रेघही मीच काढायची होती. मी काम घेतलं आणि माझ्या नकळत आण्णांची ती थरथर शोधायला लागले. अ‍ॅपमध्ये असे ब्रशही असतात, जे सरळ ओढलेली रेघ मुद्दाम हलवतात. किती हलवायची ते ठरवता येतं. मी थोडी हलवून बघितली, जास्त हलवून बघितली. बघताना कळायचं की ही थरथर सगळीकडं सारखीच आहे. पायाला तेवढीच, पोटाला तेवढीच. आण्णांचा हात शेपटीपाशी शांत झाला होता आणि मानेपाशी सैरभैर, कारण मानेपाशी ते घाबरले होते. ते कुठल्या ब्रशात नाही. मी तो ब्रश काढून टाकला आणि माझ्या साध्या रेघेनं शेळ्या काढायला घेतल्या.

अलीकडेच केजला मुक्काम पडला तेव्हा मी पाटी बरोबर नेली होती, काम राहिलं होतं म्हणून. दुपारी आई झोपली होती. आण्णा खाटेवर बसून मी काय करतेय ते बघत होते. त्या शांततेत मी विचारलं. इतके दिवस विचारायचं राहिलं होतं.

"आण्णा, ते चौसाळ्याचं चित्र तुम्हाला खरंच वाईट वाटलं होतं का?"

त्यांना लगेच कळलं मी कशाबद्दल बोलतेय. त्यांनी हात मांडीखाली सरकवले. ते हल्ली तसेच बसतात.

"वाईट न्हवतं," ते म्हणाले. "चितार चांगलं होतं. तेवढं मला कळतं की. पण तुमाला त्यात मेंढी दिसायची. मला हात दिसायचा माजा. मेंढी दिसतच न्हवती." मग म्हणाले, "मला वाटलं, नीट रेघेचं एक पुस्तक होऊन जाऊ दे. मग पुढच्याला बघू, मन झालं तर तसंच काडू. पुढचं काय आपल्या हातात ऱ्हातंय का."

हे त्यांनी तेव्हा बोलून दाखवलं असतं तर मी बाईंना थांबायला सांगितलं असतं. मी अजून एकदा विचारलं असतं तर कदाचित ते बोललेही असते. आम्ही दोघांनीही ते पुढच्या पुस्तकावर ठेवलं होतं, आणि एकमेकांना सांगितलं नव्हतं.

मी परत शेळीकडं वळले. आण्णा पुढं वाकले.

"मागचा पाय चुकलाय तुजा. गुडघा खाली गेलाय. हितं पायजे," असं म्हणत त्यांनी मांडीखालचा हात काढला आणि बोट काचेवर टेकवलं. पाटीला पेन आणि बोट यातला फरक कळत नाही. शेळीच्या पायाशेजारी बारीक बारीक रेघांचा एक पुंजका उमटला, गवत वाऱ्यानं हलावं तसा. आण्णांनी चटकन बोट मागं घेतलं.

"पूस ते," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

मी पुसलं. मग गुडघा वर घेतला, त्यांनी सांगितला होता तिथं.